ड जीवनसत्त्व : हाडांपुरतं पक्कं, पुढचं किती खरं?

शाईपेन :

ड जीवनसत्त्वाची सध्या चलती आहे. थकवा आला, डी तपासा. केस गळतात, डी कमी असेल. सारखी सर्दी होते, कशात मन लागत नाही, वजन हटत नाही, साखर काठावर आली आहे. सगळ्यांवर एकच उतारा. याच्या बरोबर उलट टोकाला 'आपले पूर्वज कुठे गोळ्या खात होते, उन्हात जा' म्हणणारे. आरोग्याच्या जवळपास प्रत्येक धाग्यावर ही जुगलबंदी होते आणि मूळ विषय बाजूला पडतो, म्हणून हा स्वतंत्र धागा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हाडं आणि स्नायूंसाठी ड हवंच. त्याची खरी कमतरता हा गंभीर आजार आहे आणि तो सहज बरा होतो. पण ज्याला कमतरता नाही त्याने वरून आणखी ड घेऊन काही पदरात पडतं, याचा पुरावा फार तोकडा आहे. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, रुग्ण तपासत नाही. त्यामुळे 'मी किती घेऊ?' असं मला विचारू नका.

आधी हे शरीरात बनतं कसं ते. त्वचेत ७-डिहायड्रोकोलेस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो. उन्हातले अतिनील-ब किरण, म्हणजे साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे, त्यावर पडले की त्याच्या रेणूतलं एक कडं उघडून 'पूर्व-ड' बनतं आणि मग शरीराच्या उष्णतेने त्याचं ड३ (ड जीवनसत्त्वाचं त्वचेत बनणारं रूप) होतं. हे ड३ अजून कामाचं नसतं. यकृतात त्याचं २५-हायड्रॉक्सी ड होतं; रक्ततपासणीत मोजतात ते हेच. पुढे मूत्रपिंडात आणखी एक बदल होऊन कॅल्सिट्रिऑल तयार होतं आणि खरं काम ते करतं. ते पेशीच्या केंद्रकात जाऊन जनुकं चालू-बंद करतं, म्हणजे वागणूक सगळी संप्रेरकाची.

त्याचं सर्वांत मोठं काम आतड्यात. ड पुरेसं नसेल तर जेवणातल्या कॅल्शियमपैकी जेमतेम १० ते १५ टक्के शोषलं जातं, पुरेसं असेल तर ३० ते ४० टक्के. आता गंमत बघा. रक्तातलं कॅल्शियम घसरलं तर हृदय आणि मज्जातंतू दोन्ही बिघडतील, म्हणून शरीर ते घसरू देतच नाही. परावटू (पॅराथायरॉइड) ग्रंथींचं संप्रेरक वाढतं आणि हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात आणलं जातं. घरखर्च भागवायला ठेव मोडत राहावी तसं. वरून सगळं सुरळीत दिसतं. म्हणूनच 'माझं कॅल्शियम तर नॉर्मल आलंय' याने निश्चिंत होऊ नये. हाडं रिकामी होत असतानाही तो आकडा बरेच दिवस नॉर्मल राहू शकतो.

लहान मुलांत वाढत्या हाडांची टोकं नीट घट्ट होत नाहीत आणि मुडदूस होतो: पाय वाकतात, मनगटं जाड होतात, टाळू उशिरा भरते. मोठ्यांत हाडं सहसा वाकत नाहीत, पण मऊ पडतात. कंबर, मांड्या, बरगड्या दुखतात, जमिनीवरून उठताना हाताचा आधार लागतो, जिना चढवत नाही, चाल बदकासारखी डुलती होते. अशा माणसाला वर्षानुवर्षं 'सांधेदुखी आहे', 'वयोमानानुसार' असं सांगून घरी पाठवलेलं असतं. हाडं ठिसूळ होणं हा वेगळा प्रकार. तिथे हाडाचा एकूण साठाच कमी होतो. इथे हाडाचा साचा असतो, त्यात क्षार भरलेले नसतात. दोन्ही एकाच माणसात असू शकतात.

हा शोध लागला त्याची हकिकत मला फार आवडते, थोडं सहन करा. मुडदुसाचं तपशीलवार वर्णन इंग्लंडमध्ये डॅनियल व्हिसलरने १६४५ मध्ये आणि फ्रान्सिस ग्लिसनने १६५० मध्ये केलं. वॉर्सामधली मुलं आजारी पडतात आणि आसपासच्या खेड्यांतली पडत नाहीत, हे येंजेइ श्न्यादेत्स्कीने १८२२ मध्येच नोंदवून ठेवलं होतं आणि कारण म्हणून उन्हाकडे बोटही दाखवलं होतं. फारसं कुणी ऐकलं नाही. मग पहिल्या महायुद्धानंतर दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडल्या. लंडनमध्ये एडवर्ड मेलनबीने कुत्र्यांच्या पिल्लांना घरात कोंडून, ओटवर वाढवून मुडदूस घडवला आणि कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने तो टाळून दाखवला. बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्कीने १९१९ मध्ये मुडदूस झालेल्या मुलांना अतिनील किरण सोडणाऱ्या पाऱ्याच्या दिव्याखाली ठेवून बरं केलं. त्यातली कमाल अशी की एकाच हातावर प्रकाश टाकला तरी दुसऱ्या हाताची हाडंही सुधारली. म्हणजे त्वचेत काहीतरी तयार होऊन रक्तातून फिरत होतं.

एक म्हणतो तेल, दुसरा म्हणतो प्रकाश, आणि दोघंही बरोबर! एल्मर मॅकॉलमने १९२२ मध्ये ते तेल तापवून, त्यातून ऑक्सिजन सोडून त्यातलं अ जीवनसत्त्व (गुण त्याचाच असं तोवर वाटत होतं) नष्ट केलं, तरी तेल मुडदुसावर चालतच राहिलं. अ, ब, क ही अक्षरं संपली होती, म्हणून याला पुढचं मिळालं. नंतर हॅरी स्टीनबॉकने अन्नावरच अतिनील किरण टाकून त्यात हा गुण आणता येतो हे दाखवलं. स्टेरॉल आणि त्यांचा जीवनसत्त्वांशी असलेला संबंध उलगडल्याबद्दल अडोल्फ विंडाउसला १९२८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

इथवर वाद नाही. वाद सुरू होतो तो पुढच्या दाव्यांवर. कर्करोग, हृदयविकार, मधुमेह, नैराश्य, यातल्या प्रत्येकात रुग्णांचं ड कमी सापडतं. पण कमी आहे म्हणून आजार झाला, की आजारामुळे कमी झालं? आजारी माणूस घराबाहेर कमी पडतो. शरीरात दाह असेल तर हा आकडा आपोआप खाली येतो. वजन जास्त असेल तर ड चरबीत जाऊन बसतं. हे गुंते सोडवायला काहींना गोळी आणि काहींना बनावट गोळी (आत औषधच नसलेली) अशा चाचण्या लागतात आणि त्या आता झाल्या आहेत. अमेरिकेतल्या 'व्हायटल' चाचणीत २५,८७१ लोकांना सुमारे पाच वर्षं रोज २,००० युनिट ड३ किंवा बनावट गोळी दिली. नवे कर्करोग कमी झाले नाहीत, हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत, आणि २०२२ मध्ये आलेल्या हिशेबात अस्थिभंगही कमी झालेले दिसले नाहीत. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या २,४२३ जणांवरची 'डीटूडी' चाचणी २०१९ मध्ये आली. रोज ४,००० युनिट देऊनही ठाम म्हणता येईल असा फरक मिळाला नाही. ऑस्ट्रेलियात साठीपुढच्या एकवीस हजारांहून अधिक लोकांना महिन्याला ६०,००० युनिट दिली. मृत्यूंच्या प्रमाणात फरक नाही.

बोला आता.

---

तिरकस :

लेख छान, पण निष्कर्षाला माझा आक्षेप आहे. 'व्हायटल'मधल्या लोकांच्या रक्तातली ड ची सरासरी पातळी सुरुवातीलाच मिलीमागे ३० नॅनोग्रॅमच्या आसपास होती. म्हणजे ज्यांचं पोट भरलेलं आहे त्यांना जेवायला वाढलं आणि मग जाहीर केलं की जेवणाने काही होत नाही! कमतरता असलेल्यांवर चाचणी करा, मग बोलू.

---

शाईपेन :

तिरकस, हा आक्षेप नाही, हेच तर माझं म्हणणं आहे. भरलेल्याला आणखी देऊन फायदा नाही. कमतरता असलेल्याला द्यायचंच, त्यासाठी चाचणीची वाट बघायची गरज नाही. शिवाय ठार कमतरता असलेल्या माणसाला पाच वर्षं बनावट गोळीवर ठेवणं कुठल्याही नीतिसमितीत बसणार नाही, त्यामुळे तुम्हाला हवी तशी चाचणी मोठ्या प्रमाणावर होणं अवघडच.

एक गोष्ट तुमच्या बाजूने सांगतो. 'व्हायटल'मध्येच स्वयंप्रतिकार विकार, म्हणजे संधिवात, सोरायसिस वगैरे, ड घेणाऱ्यांत सुमारे २२ टक्क्यांनी कमी दिसले. ही गोष्ट मला आशादायक वाटते. एका चाचणीवर उडी मारणार नाही, पण लक्ष ठेवून आहे.

---

परीक्षानळी :

मी प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे रिपोर्टबद्दल थोडं.

पहिलं म्हणजे एकक बघा. काही ठिकाणी नॅनोग्रॅम प्रति मिली लिहितात, काही ठिकाणी नॅनोमोल प्रति लिटर. २० नॅनोग्रॅम म्हणजेच ५० नॅनोमोल, अडीचने गुणायचं. 'माझं ५० आहे, मैत्रिणीचं २० आहे' म्हणून घाबरलेले लोक मी पाहिले आहेत. दोघींचं सारखंच होतं.

दुसरं, कुठली तपासणी सांगितली आहे ते नीट वाचा. साठा कळतो तो २५-हायड्रॉक्सी डी वरून. १,२५-डायहायड्रॉक्सी नावाची (म्हणजे कॅल्सिट्रिऑलची) तपासणी वेगळी, महाग आणि साध्या कमतरतेसाठी बिनकामाची. साठा आटला की परावटूचं संप्रेरक मूत्रपिंडाला जोरात कामाला लावतं, त्यामुळे हा दुसरा आकडा नॉर्मल किंवा वाढलेलासुद्धा येतो. लोक तो बघून खूश होतात.

तिसरं फार कमी जणांना माहीत असतं. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या गोळ्या चालू असतील तर काही यंत्रांवर डी खोटंच जास्त दिसतं, कारण त्या पद्धतीत बायोटिनचीच जोडणी वापरलेली असते. रक्त द्यायच्या आधी बायोटिन चालू असल्याचं सांगा, ते किती दिवस थांबवायचं हेही तिथेच विचारा. केस गळतात म्हणून बायोटिन, केस गळतात म्हणून डीची तपासणी, आणि पहिल्यामुळे दुसरीचा निकाल चुकीचा, असं दुष्टचक्र आहे ते.

आणि कृपा करून दर महिन्याला तपासू नका. रक्तातल्या २५-हायड्रॉक्सीचं अर्धआयुष्य दोन-तीन आठवड्यांचं असतं. मात्रा सुरू केल्यावर पातळी स्थिरावायला साधारण तीन महिने लागतात. मधले आकडे बघून नुसता जीव वरखाली.

---

अर्धविराम :

परीक्षानळी ताई, बायोटिनचं माहीतच नव्हतं, धन्यवाद. पण मग नॉर्मल किती म्हणायचं? माझ्या रिपोर्टवर ३० च्या खाली 'अपुरे' आणि २० च्या खाली 'कमतरता' असं छापलंय. माझं २४. तर मी आजारी आहे का?

---

शाईपेन :

हा प्रश्न सगळ्या गोंधळाचं मूळ आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

२०१० च्या अखेरीस अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या समितीने सगळा पुरावा तपासून सांगितलं की हाडांच्या दृष्टीने २० नॅनोग्रॅम जवळजवळ सगळ्यांना पुरतं. 'जवळजवळ सगळ्यांना' हे शब्द महत्त्वाचे. सरासरी माणसाची गरज १६ च्या आसपास धरली होती. २० हा आकडा ज्यांची गरज जास्त आहे त्यांनाही सामावून घेणारा. म्हणजे १८ असलेल्या अनेकांना प्रत्यक्षात काहीच कमी नसतं. पुढच्याच वर्षी एन्डोक्राइन सोसायटी या संप्रेरकतज्ज्ञांच्या संस्थेने ३० ची रेघ मारली आणि प्रयोगशाळांनी तीच छापायला घेतली. एका रात्रीत निम्मं जग 'अपुरं' झालं.

आता पुढचा भाग. त्याच एन्डोक्राइन सोसायटीने २०२४ च्या मार्गदर्शनात ३० च्या रेघेचा पुरस्कार सोडून दिला आणि निरोगी प्रौढांची सरसकट तपासणी करू नये असं सुचवलं. १ ते १८ वयाची मुलं, पंचाहत्तरीपुढचे, गरोदर स्त्रिया आणि मधुमेहाचा जास्त धोका असलेले उंबरठ्यावरचे लोक, यांना मात्र तपासणी न करताच रोजचं ड द्यायला हरकत नाही असं सांगितलं. छापील रिपोर्टवर हा बदल उतरायला वेळ लागेल.

तेव्हा २४ ला काही दुखत-खुपत नसेल तर तुम्ही आजारी नाही. १२ च्या खाली असेल तर मात्र वाद नाही, ती कमतरताच, आणि तिथे आकड्याबरोबर अल्कलाइन फॉस्फटेज (हाडांत घडामोड वाढली की रक्तात वाढणारं विकर, म्हणजे एन्झाइम) आणि परावटू संप्रेरकही बघतात.

---

पंचाहत्तरी :

मी रोज पहाटे उजाडताना बाहेर पडतो, तासभर चालतो, पावसापाण्याचा खाडा सोडला तर वर्षानुवर्षं नेम आहे. तरी माझं १४ आलं. सूर्यप्रकाशाचं माहात्म्य सगळे सांगतात, मग मला का लागू पडलं नाही?

---

शाईपेन :

काका, चालणं सोडू नका, ते हृदयाला आणि स्नायूंना फार उपयोगी. पण ड साठी ती वेळ बिनकामाची. सूर्य क्षितिजाजवळ असताना त्याचे किरण वातावरणातून तिरके, लांबचा रस्ता कापत येतात आणि अतिनील-ब त्यात वरच्या वर गाळलं जातं. उजेड असतो, ऊबही असते, पण हवे ते किरण नसतात. एक साधी खूण: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल तर ड फारसं बनत नाही. आखूड असेल तर बनतं.

याच कारणाने विषुववृत्तापासून दूरच्या देशांत हिवाळ्यात भर दुपारीही काही होत नाही. बॉस्टन साधारण ४२ अंश उत्तरेला आहे. तिथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्वचेत ड जवळजवळ तयारच होत नाही, असं १९८८ मध्ये मोजून दाखवलं गेलं. एडमंटन आणखी उत्तरेला, तिथे हा काळ ऑक्टोबर ते मार्च.

तुमच्याबाबत दुसरीही गोष्ट आहे. वय वाढेल तसा त्वचेतला कच्चा मालच कमी होतो. तेवढ्याच उन्हात म्हातारी त्वचा तरुण त्वचेच्या निम्म्याहून कमी ड बनवते. तुमच्या वयाला रोजची थोडी मात्रा तोंडाने घेणं हा सरळ मार्ग आहे, तुमच्या डॉक्टरांना विचारा.

---

तिरकस :

आणि काचेच्या खिडकीत ऊन खात बसणाऱ्यांनो, काच अतिनील-ब अडवते. त्वचा काळवंडवणारे आणि सुरकुत्या पाडणारे अतिनील-अ मात्र आत येतात. तोटा तेवढा पदरात.

---

अर्धविराम :

सनस्क्रीन लावल्याने डी बनत नाही हे खरं का? आणि सावळ्या त्वचेला जास्त ऊन लागतं असंही ऐकलं.

---

शाईपेन :

दुसरं खरं. मेलॅनिन हे किरण शोषून घेतं, त्यामुळे तेवढंच ड बनायला गडद त्वचेला गोऱ्या त्वचेपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. पहिलं कागदावर खरं. व्यवहारात लोक इतकं पातळ आणि इतकं अर्धवट लावतात की फारसा फरक पडत नाही. त्वचेच्या कर्करोगाचा धोका असलेल्यांनी ड साठी सनस्क्रीन सोडायचं काहीच कारण नाही. गोळीने जे मिळतं त्यासाठी त्वचा भाजून घेऊ नये.

---

नवखी_आई :

माझं बाळ दोन महिन्यांचं आहे, फक्त अंगावर पितं. डॉक्टरांनी डीचे थेंब लिहून दिलेत. सासूबाईंचं म्हणणं, आईच्या दुधात सगळं असतं, वरून कोवळं ऊन दाखवलं की झालं. घरात रोज यावरून कुरबुर. नक्की काय करू?

---

धावपट्टी :

नवखी_आई, मी बालरोग विभागात आहे. थेंब द्या. आईच्या दुधात जवळपास सगळं असतं, त्यात सासूबाई बरोबर आहेत, पण ड फार कमी असतं. आईलाच कमी असेल तर आणखी कमी. म्हणून अंगावर पिणाऱ्या बाळांना पहिल्या काही दिवसांपासून रोज ४०० युनिट सुचवतात. कोवळ्या उन्हाचं शाईपेन यांनी वर सांगितलंच. आणि ज्या कडक उन्हात ड बनतं त्यात सहा महिन्यांखालच्या बाळाला थेट ठेवायचं नसतं, त्वचा फार नाजूक असते.

एक मात्र डोळ्यांत तेल घालून बघा: बाटलीवरचं प्रमाण. काही बाटल्यांत १ मिलीत ४०० युनिट असतात, काहींत एका थेंबातच ४०० असतात. बाटली बदलली आणि जुनीच सवय चालू ठेवली की बाळाला कैक पट मात्रा जाते. नवी बाटली आणली की दर वेळी लेबल वाचायचं. बाटलीबरोबर आलेलाच ड्रॉपर वापरायचा, जुन्या बाटलीचा नाही.

सासूबाईंना सांगा, मुडदूस झालेली अंगावर पिणारी बाळं आम्ही आजही बघतो. काहींना तर मुडदुसाच्या आधी झटकेच येतात, कारण रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली गेलेलं असतं.

---

नवखी_आई :

खूप खूप आभार धावपट्टी ताई. लेबल आत्ताच बघितलं, आमच्याकडे १ मिलीवालं आहे. हा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवते.

---

कोपरा :

जास्तीचं कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. माझ्या मामांना आठवड्यातून एकदा घ्यायची मोठी मात्रा लिहून दिली होती. ते रोज घेत राहिले. 'जीवनसत्त्व आहे, जास्त झालं तर लघवीवाटे जाईल' ही घरातल्या सगळ्यांचीच समजूत. भूक गेली, उलट्या सुरू, बद्धकोष्ठ, सतत तहान, रात्री पाच-सहा वेळा उठायचे. मग बोलण्यात असंबद्धपणा आला तेव्हा रुग्णालयात नेलं. कॅल्शियम भयंकर वाढलेलं, मूत्रपिंडावर ताण. सलाइन, औषधं, आणि नंतरही बरेच आठवडे रक्त तपासत राहावं लागलं, कारण चरबीत साठलेलं हळूहळू बाहेर येत राहतं म्हणे.

---

धावपट्टी :

कोपरा, मामा आता बरे आहेत ना? लघवीवाटे जाण्याची गोष्ट ब आणि क ला लागू होते. अ, ड, ई आणि के चरबीत विरघळतात आणि साठतात. वर्षभराची एकदाच दिली तर सोपं जाईल, अशीही कल्पना निघाली होती. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या २,२५६ स्त्रियांवर ती करून बघितली, वर्षातून एकदा ५ लाख युनिट. २०१० मध्ये निकाल आला: ड घेतलेल्या बायका जास्त पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली. तेव्हापासून एकदम ढीगभर देण्यापेक्षा रोज थोडं बरं, असा कल आहे.

---

कोपरा :

हो, मामा ठणठणीत आहेत. आता गोळ्यांच्या पाकिटावर मामी तारखा घालते.

---

शाईपेन :

उन्हाने मात्र असं कधी होत नाही. त्वचेत पूर्व-ड जास्त झालं की तेच किरण त्याचं ल्युमिस्टेरॉल आणि टॅकिस्टेरॉल अशा निरुपद्रवी पदार्थांत रूपांतर करतात. विषबाधा होते ती तोंडाने घेतलेल्याचीच. १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये बाळांच्या दुधाच्या पावडरीत आणि इतर अन्नात मिळून इतकं ड घातलं जायचं की काही बाळांचं कॅल्शियम वाढून ती आजारी पडली. मग प्रमाण कमी करावं लागलं.

प्रौढांसाठी रोजची शिफारस ६०० युनिट, सत्तरीपुढे ८००, आणि स्वतःच्या मनाने ओलांडू नये अशी वरची मर्यादा ४,०००. उपचार म्हणून डॉक्टर याहून कितीतरी जास्त देतात, पण ते ठरावीक आठवड्यांसाठी.

---

हिरवीगार :

मी प्राणिजन्य काहीच खात नाही. डी३ मेंढीच्या लोकरीपासून बनवतात हे खरं? मग मी काय घ्यायचं?

---

परीक्षानळी :

खरं आहे. लोकरीला जो तेलकट मेणचटपणा असतो, लॅनोलिन, त्यातून कोलेस्टेरॉल काढून, त्याचं ७-डिहायड्रोकोलेस्टेरॉल करून, त्यावर अतिनील किरण टाकून बहुतेक डी३ बनतं. तुमच्यासाठी दगडफुलापासून काढलेलं डी३ मिळतं, लेबलवर तसं लिहिलेलं असतं. दुसरा पर्याय डी२. अतिनील प्रकाशात ठेवलेल्या अळिंब्यांमध्ये ते तयार होतं. डी२ पण चालतं, फक्त पातळी वाढवण्यात आणि टिकवण्यात डी३ उजवं ठरलंय. बाकीच्यांनी अन्नावर फार भरवसा ठेवू नये. तेलकट मासे, अंड्याचा बलक आणि मुद्दाम ड घातलेले पदार्थ सोडले तर अन्नात ते नगण्यच.

---

गुणगुण :

कुणी के२ बद्दल बोललंच नाही! के२ शिवाय डी घेतलं तर कॅल्शियम रक्तवाहिन्यांत जाऊन बसतं. मॅग्नेशियमही हवंच. मी तिन्ही एकत्र घेते, सांधे एकदम मोकळे झालेत.

---

शाईपेन :

सांधे मोकळे झाले याचा आनंद आहे. पण सामान्य मात्रेत नुसतं ड घेतल्याने रक्तवाहिन्या कडक होतात आणि के२ ने ते टळतं, असं माणसांवर सिद्ध झालेलं नाही. मॅग्नेशियमचं थोडं तथ्य आहे; ड वर काम करणाऱ्या विकरांना ते लागतं. त्यासाठी सगळ्यांनी गोळी घ्यावी असं मात्र त्यातून निघत नाही. आणि वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी के कुठल्याही रूपात स्वतःच्या मनाने अजिबात घेऊ नये. हे मी ठळक करून लिहिलं असतं, इथे सोय नाही.

---

तिरकस :

कोविडच्या काळात डीचा केवढा गाजावाजा झाला होता. त्याचं पुढे काय झालं?

---

धावपट्टी :

फुगा फुटला. २०२२ मध्ये दोन मोठे निकाल आले. ब्रिटनमध्ये लोकांचं ड तपासून कमी असलेल्यांना गोळ्या दिल्या. नॉर्वेमध्ये ३४ हजारांहून अधिक लोकांना हिवाळाभर कॉडचं तेल किंवा दुसरं तेल दिलं. दोन्हीकडे संसर्ग टळला नाही. बाकी सर्दी-खोकल्याच्या आजारांवर २०१७ च्या एकत्रित विश्लेषणात थोडा फायदा दिसला होता, तोही रोज किंवा आठवड्याला घेणाऱ्यांत, आणि मुळात ज्यांचं फार कमी होतं त्यांच्यात जास्त.

---

तिरकस :

म्हणजे पुन्हा तेच. ठीक आहे, शाईपेन, अर्धा मान्य. माझा राहिलेला अर्धा मुद्दा असा की खरी कमतरता शोधायची तर तपासणी लागते आणि तुमची सोसायटी म्हणते तपासू नका.

---

शाईपेन :

'निरोगी माणसाला सरसकट तपासू नका' म्हणते. ज्याची हाडं दुखतात, ज्याला बसल्या जागेवरून उठवत नाही, सहज पडून ज्याचं हाड मोडलं, ज्याला आतड्याचा शोषणाचा विकार आहे, वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली आहे, जो फिटांवरचं फिनिटॉइन, क्षयावरचं रिफॅम्पिसिन किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड घेतो, जो कायम घरात किंवा पूर्ण अंग झाकून असतो, त्याने जरूर तपासावं. ही यादी छोटी नाही.

आणि एक उलटी यादीही आहे. सार्कॉइडोसिस (अवयवांत दाहाच्या छोट्या गाठी होणारा आजार) किंवा क्षयरोगात शरीरातल्या काही पांढऱ्या पेशी स्वतःच, कुणाला न विचारता, कॅल्सिट्रिऑल बनवत सुटतात. तिथे वरून ड घातलं तर कॅल्शियम उसळू शकतं. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी आणि थायझाइड गटातल्या रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनीही आधी विचारलेलं बरं.

---

पंचाहत्तरी :

शाईपेन, माझ्या धाकट्या भावाचं डायलिसिस चालू आहे. त्याला कॅल्सिट्रिऑल दिलंय. मला डॉक्टर साधं डी३ देणार आहेत. दोघांच्या गोळ्या एकाच डब्यात राहतात. अदलाबदल झाली तर?

---

शाईपेन :

काका, डबे आजच वेगळे करा. त्याचं मूत्रपिंड शेवटचा बदल करू शकत नाही, म्हणून त्याला तयार कॅल्सिट्रिऑल देतात. ते काही तासांत काम करतं, मायक्रोग्रॅमच्या अंशांत मोजतात आणि कॅल्शियम झपाट्याने वाढवू शकतं. तुमचं मूत्रपिंड चांगलं असेल तर तुम्हाला त्याची गरज नाही. तुमची गोळी चुकून त्याच्याकडे गेली तर त्याचं काम ती करणार नाही. त्याची तुमच्याकडे आली आणि तुम्ही रोज घेत राहिलात तर कोपरा यांच्या मामांसारखी गत होईल.

---

पंचाहत्तरी :

केले वेगळे. त्याचा लाल झाकणाचा.